पहिल्याच सिनेमाचं बीजीएम, टेम्पच्या प्रेमात पडलेला डायरेक्टर आणि रिळाच्या शेवटी सव्वा सेकंद उशीर

पेटीमास्तर_सांगली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी पेटी आणि कीबोर्ड वाजवतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या सहा-सात नाटकांना संगीत दिलंय आणि प्रत्येक प्रयोगाला स्वतः विंगेत बसून वाजवलंय. नाटकात कसं, नटाने पॉज लांबवला की आपण पण स्वर धरून बसायचं, त्याने वाक्य खाल्लं की आपण पुढे उडी मारायची, सगळं डोळ्यासमोर. आता मित्राच्या ओळखीने एक मराठी सिनेमा आलाय, १०८ मिनिटांचा, गाणी दुसऱ्याने केलीयेत, माझ्याकडे फक्त बॅकग्राऊंड म्युझिक (बीजीएम). पाच आठवडे दिलेत, त्यातला एक गेला पण.

अडचण अशी की डायरेक्टरने एडिटच्या वेळीच सगळीकडे टेम्प ट्रॅक (खरं संगीत होईपर्यंत तात्पुरतं लावलेलं दुसऱ्याचं म्युझिक) टाकून ठेवलाय. हॉलिवूडच्या सिनेमांतलं उचलून. मी घड्याळ लावून मोजलं, १०८ पैकी ७४ मिनिटं म्युझिक आहे! एक सीन सांगतो म्हणजे कळेल. बाप मुलाला एसटी स्टँडवर सोडायला आलाय, २ मिनिटं ४० सेकंदांचा सीन, बोलणं जेमतेम चार वाक्यांचं, मग एसटी निघून जाते आणि बाप रिकाम्या फलाटावर उभा राहतो. याच्याखाली टेम्पमध्ये पन्नास-साठ व्हायोलिन आणि वर कोरस! मी चार व्हर्जन केली, एक बासरीवर, एक सारंगीवर, एक पियानो, एक नुसत्या स्ट्रिंग्ज. चारही ऐकून साहेब म्हणतात "छान आहे रे, पण ते फीलिंग येत नाहीये". मग नक्की काय पाहिजे विचारलं तर "असंच, पण आपल्या मातीतलं". आता याचं काय करू सांगा. प्रोड्यूसर वेगळेच, ते म्हणतात सैराटसारखं भव्य वाजलं पाहिजे, आणि माझ्याकडे एक कंडेन्सर माईक, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि विकत घेतलेली एक स्ट्रिंग्जची लायब्ररी, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले व्हायोलिन वगैरेंचे सूर, कीबोर्डवर वाजवायचे.

दुसरं टेक्निकल. पहिल्या रिळाचं म्युझिक (रीळ म्हणजे सिनेमाचा एक तुकडा, हा २० मिनिटांचा आहे) मिक्सवाल्याकडे, म्हणजे डायलॉग, म्युझिक सगळं एकत्र बसवणाऱ्याकडे पाठवलं. त्याने फोन केला की सुरुवातीला चपखल बसतंय पण पुढे पुढे मागे पडत जातंय, रिळाच्या शेवटी सव्वा सेकंद उशिरा येतंय. माझ्याकडे लावून बघितलं तर एकदम बरोबर. एक्सपोर्ट तीनदा केलं, तेच. आणि तो "स्टेम्स दे" म्हणाला, मी हो म्हणालो, खरं सांगायचं तर किती आणि कसे द्यायचे ते माहीत नाही.

तिसरं म्हणजे एक पानी अॅग्रीमेंट आलंय, त्यात "सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी" असं काहीतरी आहे आणि रक्कम पॅकेजमध्ये. सही करू का?

रीळवाला

तुमचं दुसरं आधी घेतो कारण ते दहा मिनिटांत सुटेल. २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, त्यात तुमचा सव्वा म्हणजे साधारण १.२ सेकंद उशीर, म्हणजे हजारात एक. हा आकडा दिसला की डोळे झाकून समजायचं, कुठेतरी सेकंदाला २३.९७६ फ्रेम आणि सेकंदाला २४ फ्रेम यांचा घोळ आहे. तुम्हाला एडिटरने दिलेला व्हिडिओ २३.९७६ चा असणार आणि मिक्सवाल्याने थिएटरसाठी २४ वर सेशन उघडलंय. त्याच्याकडे चित्र हजारात एकने जोरात पळतंय, तुमचं म्युझिक आपल्या चालीने चाललंय, म्हणून शेवटी मागे. तुमच्या घरी बरोबर दिसतं कारण तुमच्या घरी चित्र पण हळूच चाललंय. कोणाचीच चूक नाही म्हणजे सगळ्यांचीच आहे. कुठलाही दुरुस्तीचा खेळ स्वतः करू नका, एडिटर, मिक्सवाला आणि तुम्ही तिघांनी एकदा फोनवर बसून फायनल फ्रेम रेट कोणता ते ठरवा आणि एडिटरकडून त्याच रेटचा नवीन व्हिडिओ मागा, स्क्रीनवर टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) छापलेला. टीव्हीसाठी काम कराल तेव्हा आपल्याकडे २५ असतं हे पण डोक्यात ठेवा. २४ चं चित्र कोणी २५ वर पळवलं तर चार टक्क्यांनी जोरात जातं, आणि आवाज तसाच ओढला तर सूर पाऊण सेमीटोनने (सेमीटोन म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर) चढतो, गायकाची बायको पण ओळखणार नाही.

आणि ऑडिओचं सेशन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तुम्ही गाणी करत असाल तर ४४.१ ची सवय असेल, ती सोडा. ४४.१ ची फाईल कोणी न बघता ४८ म्हणून वाजवली की दीड सेमीटोन वर, हे माझ्या टेबलावर झालंय, बासरीवाला समोर बसलेला होता आणि माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याची बासरी कापली.

प्रत्येक रिळाच्या आधी २-पॉप टाका. चित्राची पहिली फ्रेम सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप. शेवटाला पण एक टाका, मग असला उशीर फोन करून सांगावा लागत नाही, डोळ्यांना दिसतो.

स्टेम्स म्हणजे म्युझिकचे सुटे भाग. तालवाद्यं वेगळी, स्ट्रिंग्ज वेगळ्या, पॅड (मागे धरून ठेवलेले लांब सूर) आणि खालचे सूर वेगळे, सोलो वाद्य वेगळं, आवाज (आलाप कोरस जे असेल ते) वेगळा. पाच-सहा पुरे, उगाच बत्तीस ट्रॅक पाठवू नका. सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे, एकत्र वाजवले की तुमचं मूळ मिक्स तंतोतंत मिळालं पाहिजे. मास्टरवर लिमिटर (आवाज दाबून सगळं सारखंच जोरात करणारं यंत्र) लावून फुगवून पाठवू नका प्लीज, ते डायलॉगखाली बसवताना आम्हाला मीठ जास्त झालेल्या आमटीसारखं होतं, काढता येत नाही. किती जोरात वाजायचं ते मिक्समध्ये ठरतं, ती डोकेदुखी आमची.

टेम्पबद्दल माझं मत वाईट आहे, ते नंतर लिहितो, आत्ता रीळ आलंय.

अण्णा_वाद्यवृंद

पेटीमास्तर, मी आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं, अर्धं लाईनीत बसून आणि अर्धं अरेंजरच्या (कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते लिहिणाऱ्याच्या) शेजारी बसून. तुम्ही सांगितलेला एसटी स्टँडचा सीन वाचला आणि एकच प्रश्न मनात आला तो तुम्ही डायरेक्टरला विचारला का बघा. म्युझिक कोणाचं आहे? बापाचं का पोराचं? पोराचं असेल तर त्यात हुरहूर आहे पण पुढे जायची घाई पण आहे, ते एसटी सुटायच्या आधी सुरू होईल आणि गाडीबरोबर निघून जाईल. बापाचं असेल तर गाडी गेल्यावर सुरू होईल, आधी नाही, कारण गाडी जाईपर्यंत तो तोंडदेखलं हसतोय. साठ व्हायोलिनं पहिल्या फ्रेमपासून रडायला लागली तर बापाने काय करायचं मग? तुम्ही चार वाद्यं बदलून बघितलीत, पण सुरू कुठे करायचं ते टेम्पनेच ठरवलेलं, ते तुम्ही एकदा पण हलवलं नाहीत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

आमच्या वेळेला पडद्यावर रीळ लावायचे, हातात स्टॉपवॉच, वर फूट मोजायचा काटा. ३५ एमएममध्ये १६ फ्रेमचा एक फूट. २४ फ्रेमने मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. म्हणजे लय ९० ठेवली की एक मात्रा म्हणजे एक फूट! अरेंजर तोंडी हिशोब करायचे, "बावीस फुटांवर दार उघडतंय, आठ आठच्या दोन आवर्तनांनंतर सहा मात्रा मोजा आणि मारा". तुम्ही कॉम्प्युटरवर करता पण हिशोब तोच आहे. ७२ च्या लयीत मात्रेला २० फ्रेम, १२० ला १२. दार कुठे उघडतं, माणूस कुठे वळतो, हे आधी फ्रेममध्ये लिहून काढा, मग लय अशी निवडा की त्यातलं जे महत्त्वाचं ते आपोआप समेवर येईल. सगळंच समेवर आणायला जाऊ नका, मग कार्टून होतं. दोन-तीन ठिकाणं पुरेत.

आलाप किंवा सारंगीचा मोकळा तुकडा असेल तर मात्र वादकाच्या कानात क्लिक (लयीची टिकटिक) देऊच नका. वादकाला चित्र दाखवा आणि वाजवू द्या, पाच टेक घ्या. पं. रविशंकरांनी पथेर पांचालीचं (१९५५) जवळजवळ सगळं संगीत एकाच रात्री बसून रेकॉर्ड केलं होतं, आणि ते चित्राकडे बघून सुचलेलं आहे हे अजून ऐकू येतं.

अजून एक, जे नवीन मुलं विसरतात. सिनेमाभर सा एकच ठेवा, फार तर दोन. तुमचा टेम्प दर सीनला वेगळ्या स्केलमध्ये आहे, त्यांचं वाद्यवृंद लिहून वाजवतं, त्यांना फरक पडत नाही. तुमचा बासरीवाला मात्र दर सीनला बासरी बदलत बसेल आणि सारंगीवाला तरफा (मुख्य तारांखालच्या झंकारणाऱ्या तारा) लावत बसेल, शिफ्ट त्यातच संपेल. शिवाय एका सीनचं शेपूट दुसऱ्या सीनच्या तोंडावर चढतं तेव्हा सा एक असेल तर भांडण होत नाही.

सारंगी_आणि_चहा

अण्णांचं सगळं पटतं पण अण्णा, तुमच्याकडे वेळ होता हो. मी सात वर्षं डेली सोपचं बीजीएम करते. आमच्याकडे एपिसोडला म्युझिक वाजवत नाहीत, सीरियल सुरू व्हायच्या आधी बँक करून द्यायची असते. नायिकेची थीम, तिचीच दुःखी, तिचीच एकटीची, सासूची, सासू आत येतानाची, घरातली सकाळ, गणपती, किचनमधली कॉमेडी, "काहीतरी घडणार" चे दहा प्रकार आणि मग ते स्टिंग, ढॅण ढॅण ढॅण, ज्याच्यावर सगळं गाव हसतं आणि जे नसलं की चॅनलमधून फोन येतो. मग रोज रात्री बावीस मिनिटांचा एपिसोड येतो, त्यावर बँकेतून उचलून उचलून लावायचं आणि सकाळी द्यायचं. तिथे कोण बापाचं आणि कोण पोराचं विचारत बसणार.

म्हणून माझा पेटीमास्तरांना सल्ला वेगळा आहे, टेम्पला शत्रू समजू नका. तो डायरेक्टरचा निरोप आहे. बिचाऱ्याला राग आणि स्केलची भाषा येत नाही, त्याने गाणं दाखवून सांगितलं. ऐकताना सूर ऐकूच नका, तीन गोष्टी लिहा, कुठे सुरू झालं, कुठे जाड झालं, कुठे थांबलं. हवी तर लय पण. ते सगळं तसंच घ्या आणि आतलं सगळं फेका. नव्वद टक्के डायरेक्टरना तेवढंच हवं असतं. मात्र चाल जवळपास ढापू नका, आजकाल लोक फोनवर लावून ओळखतात आणि मग शिव्या संगीतकाराला बसतात, टेम्प टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आणि सारंगीचं व्हर्जन का पडलं ते मी न ऐकता सांगू का? चार वाक्यं आहेत ना सीनमध्ये, त्याच्याखालीच सारंगी मध्य सप्तकात फिरवली असणार. सारंगी माणसाच्या आवाजासारखी आहे म्हणून आपल्याला आवडते आणि म्हणूनच डायलॉगखाली ती तिसरं माणूस बोलतंय असं वाटतं. पेटीचं पण तेच. बोलणं चालू असताना एक तर खर्जात काहीतरी धरा नाहीतर एकदम वर, मधली जागा नटाची. वाक्य संपलं की मग येऊ द्या सारंगीला.

नुसताच_वाचक

"असंच पण आपल्या मातीतलं" हे मी बॅनर करून स्टुडिओत लावणार आहे 😂 आमच्याकडे एकाने हान्स झिमरचं (हॉलिवूडचा संगीतकार) टेम्प लावून "यात जरा संबळ घाला" सांगितलं होतं. घातला. चांगलं झालं खरं तर.

रीळवाला

परत आलो. सारंगी ताई, निरोप वगैरे ठीक आहे पण डायरेक्टरने तेच सहा महिने रोज ऐकलंय हो, एडिट त्याच्या तालावर कापलंय, ते त्याच्या अंगात भिनलंय. त्याला तुमचं नवीन म्युझिक चुकीचंच वाटणार. हे मोठ्यांच्यात पण झालंय, डायरेक्टर कुब्रिकने २००१ : अ स्पेस ओडिसीसाठी अॅलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं आणि शेवटी ते टाकून देऊन आधी लावलेले पाश्चात्त्य शास्त्रीय तुकडेच ठेवले, नॉर्थला ते सिनेमा बघताना कळलं. १९६८ ची गोष्ट. सिनेमा अजरामर झाला ते वेगळं, नॉर्थच्या जागी बसून बघा.

म्हणून पेटीमास्तर, एक करा. डायरेक्टरबरोबर एक अख्खा दिवस बसा आणि सिनेमा टेम्प बंद करून बघा. एकदम कोरा. त्याला वाटेल ओकंबोकं आहे, वाटू दे. प्रत्येक सीनला फक्त दोन प्रश्न, इथे म्युझिक नसेल तर काय बिघडतं, आणि असेल तर कुठल्या क्षणी आत. टाइमकोडसकट लिहून काढा आणि कागदावर त्याची सही घ्या, गंमत नाही करत. ७४ मिनिटांची बहुतेक पन्नासच्या आत येतील आणि तुमचे चार आठवडे पण त्यात बसतील.

आणि प्रोड्यूसरना हळूच सांगा की २०१६ ला आलेल्या सैराटसाठी अजय-अतुल अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर खरा ऑर्केस्ट्रा वाजवून आले होते. ते लायब्ररीतून काढायला गेलात तर लग्नाच्या व्हिडिओसारखं वाजेल. तुमच्याकडे पैसे असतील तर दोन खरे वादक आणा, लायब्ररीच्या स्ट्रिंग्जवर एक खरं व्हायोलिन चढवलं तरी बराच जीव येतो.

कागद_आधी

मी वकील नाही, म्युझिक पब्लिशिंगमध्ये काम करतो, सही करायच्या आधी वकिलाला दाखवाच. पण एवढं माहीत असू द्या. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून सिनेमात वापरलेल्या संगीताचा संगीतकार आणि शब्दांचा गीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क असा लिहून देऊन टाकता येत नाही, दिला तर फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला. म्हणजे तुम्ही मालकी प्रोड्यूसरला दिलीत तरी रॉयल्टीचा वाटा उरतो. थिएटरमध्ये सिनेमा दाखवला त्याची मिळत नाही, पण टीव्ही, ओटीटी वगैरेवर वाजलं त्याची मिळायची सोय आहे. लोकांना वाटतं हे फक्त गाण्यांचं आहे. नाही हो, बीजीएम पण संगीतच आहे.

त्यासाठी दोन कामं. आयपीआरएसचं सभासद व्हा (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी, १९६९ पासूनची संस्था आहे, नवीन कायद्याखाली २०१७ ला नोंदणी झाली), आणि क्यू शीट करा. प्रत्येक तुकड्याचं नाव, किती मिनिटं-सेकंद, कुठे वाजतो, संगीतकार कोण. सिनेमा झाल्यावर सहा महिन्यांनी करायला बसलात तर "एम१४ फायनल नवीन २" म्हणजे काय ते तुम्हालाच आठवणार नाही, आत्तापासून लिहा.

पॅकेजचा अर्थ नीट समजून घ्या, त्यात वादकांचे पैसे, स्टुडिओची शिफ्ट, सगळं तुमच्या खिशातून. माझ्या ओळखीतल्या एकाने पॅकेज घेतलं, एडिट लॉक झालंय (म्हणजे आता कापाकापी नाही) असं सांगितलेलं, नंतर अकरा मिनिटं कापली आणि चार सीन मागे-पुढे केले, पोराने सगळं परत वाजवून घेतलं आणि हातात काही राहिलं नाही. तुमची फी वेगळी, प्रॉडक्शनचा खर्च वेगळा, आणि लॉकनंतर एडिट बदललं तर त्याचे वेगळे, हे एका ओळीत तरी लिहून घ्या.

पेटीमास्तर_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण तेच करत होतो.

रीळवाले दादा, २३.९७६ च निघालं! एडिटरने कॅमेऱ्याचाच रेट ठेवला होता. नवीन व्हिडिओ आला, आता दोन्हीकडे २४, पहिलं रीळ बसलं. २-पॉप दोन्ही टोकांना टाकलेत.

काल डायरेक्टरबरोबर बसलो, टेम्प बंद करून. पहिला अर्धा तास नुसता चुळबुळ करत होता, "अरे ओकंबोकं वाटतंय" हेच शब्द. एसटी स्टँडचा सीन आला तेव्हा मी अण्णांचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बापाचं. मग मी तिथल्या तिथे कीबोर्डवर करून दाखवलं, पहिली एक मिनिट पन्नास सेकंद काहीच नाही, नुसता स्टँडचा आवाज, कंडक्टरची डबल बेल, गाडी जाते, तिचा आवाज पूर्ण विरतो आणि मग खर्जात एक सूर, त्यावर उशिरा चार स्वरांची सारंगीची जागा. बोलणं नाहीच त्या भागात त्यामुळे ताई म्हणाल्या ते भांडण पण मिटलं. त्याने दोनदा लावायला सांगितलं आणि टेम्पची ट्रॅक स्वतः डिलीट केली.

आता ७४ ची ४६ मिनिटं झालीत. सा काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी), सिनेमाभर. पॅकेजबद्दल प्रोड्यूसरशी बोललो, वेगळं वेगळं लिहायला कुरकुर करत तयार झालेत, कागद वकिलाकडे गेलाय.

फक्त नवीन अडचण अशी की साहेबांना शांततेची इतकी गोडी लागलीये की आज सकाळी फोन करून म्हणतात, लग्नाच्या पंगतीचा जो कॉमेडी सीन आहे तिथे पण म्युझिक काढून टाकू. तिथे मात्र मला वाजवायचंय हो, सगळ्यात आधी तोच तुकडा झाला होता माझा.

अण्णा_वाद्यवृंद

तुमचा तुकडा लावून एकदा आणि न लावता एकदा, दोन्ही वेळा घरातल्या कोणालातरी बसवून बघा, पण पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. आणि हो, काळी दोन बासरीवाल्याला विचारून ठरवलीत ना?

पेटीमास्तर_सांगली

...विचारतो आत्ता.